मोटरचं झाकण उघडं असतानाच कॉम्प्युटर शिकवा

पत्र: मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला निदेशक आहे, नऊ वर्षं झाली. सध्या दुसऱ्या वर्षाची तुकडी माझ्याकडे आहे, २० मुलं, त्यात ४ मुली. प्राचार्य म्हणाले पोरांना डिजिटल स्किल शिकवा, दर शनिवारी दोन तास. पहिल्या शनिवारी १७ आली, चौथ्या शनिवारी ६. जी येतात तीसुद्धा थोड्या वेळाने मोबाईल काढतात. लॅबमध्ये १२ कॉम्प्युटर, चालू ७, आणि लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नाही. रील बनवून टाकणारी पोरं ऑनलाइन परीक्षेच्या कॉम्प्युटरसमोर बसली की माउस हातात धरून गप्प होतात. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला एक्सेल धड येत नाही. कुठून सुरुवात करू? – एक निदेशिका

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला माझंच जुनं वर्कशॉप आठवलं. मी फिटर ट्रेडला होतो. आमच्याकडे पण असाच आदेश आला आणि मी तो अगदी मनापासून पाळला, फळ्यावर इनपुट डिव्हाइस, आउटपुट डिव्हाइस, रॅम, रॉम असं सगळं लिहून घेतलं, पोरांनी वहीत सुंदर आकृत्या काढल्या, तोंडी विचारलं तरी सांगायची. दोन महिन्यांनी एकाला म्हटलं, ही जॉबची, म्हणजे वर्कशॉपमधल्या प्रॅक्टिकल कामांची, यादी टाइप करून सेव्ह कर बाबा, तर त्याने टाइप केली आणि खिडकी बंद करून टाकली. सेव्ह म्हणजे काय ते त्याला कधी लागलंच नव्हतं, कारण मोबाईलवर सेव्ह करावंच लागत नाही, तिथे सगळं आपोआप होतं. माझे दोन महिने आणि त्या पोरांचे दोन महिने, सगळे वाया गेले होते. ते मला आजही लागतं.

म्हणून शनिवारचा क्लास मोडतोय याचं वाईट वाटून घेऊ नका. आठवडाभर हाताने काम करणाऱ्या पोराला शनिवारी बसवून 'हे वर्ड, हे एक्सेल' सांगितलं तर त्याला ते कुठे चिकटवायचं तेच कळत नाही. तासांचा हिशोबच बघा ना. आपल्या इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला ट्रेड प्रॅक्टिकलला ८४० तास, थिअरीला ३०० आणि एम्प्लॉयबिलिटी स्किल्सला ६०. डिजिटलचं म्हणून जे काही शिकवायचं असतं ते आपण त्या ६० च्या कोपऱ्यात नाहीतर शनिवारी कोंबतो, आणि ८४० तास कॉम्प्युटर लॅबला कुलूप असतं. तुमचे ते ८४० तास हीच खरी जागा आहे. त्यातले रोज नाही, आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं काढा. चालू जॉबच्या मधोमध.

आता वीस मिनिटांत करायचं काय, ते एका उदाहरणाने सांगतो कारण नुसतं सांगून पटणार नाही. डीओएल स्टार्टरचा, म्हणजे मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या स्टार्टरचा, जॉब चालू आहे असं धरा. मोटर टेबलावर, स्टार्टर जोडलाय, आणि आता ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, कितीवर सेट करायचा हा प्रश्न आहे. एरवी आपण सांगतो नेमप्लेटवरचा अँपिअर बघ आणि लाव. पण गावातल्या निम्म्या मोटरींची नेमप्लेट घासून गेलेली असते, रंगाखाली गेलेली असते, शेतातल्या विहिरीवर तर प्लेटच नसते, शेतकरी फक्त म्हणतो 'पाचची आहे'. तेव्हा करंट काढायचा कसा? सूत्र पोरांना थिअरीत शिकवलेलं असतंच, एचपी गुणिले ७४६, भागिले १.७३२ गुणिले व्होल्टेज गुणिले पॉवर फॅक्टर गुणिले एफिशियन्सी. इथे कॉम्प्युटर उघडा. पहिल्या कॉलममध्ये एचपी, ३, ५, ७.५. दुसऱ्या कॉलममध्ये सूत्र, व्होल्टेज ४१५, पॉवर फॅक्टर ०.८, एफिशियन्सी ०.८५ असं धरून. एका सेलमध्ये सूत्र लिहायचं, खाली ओढायचं, की ३ एचपीला साधारण ४.५८, पाचला ७.६३, साडेसातला ११.४५ अँपिअर असे आकडे आपोआप येतात. मग मोटरची नेमप्लेट वाचायला लावा आणि ताडून बघा. थोडा फरक पडेल, का पडला यावर पाच मिनिटं बोला, प्लेटवर आकडा असेल तर रिले प्लेटप्रमाणेच लावायचा हे पण तिथेच सांगा. झालं, वीस मिनिटं संपली, स्टार्टरकडे परत.

यात पोरं चुकणार, आणि ताई, खरं शिकणं त्या चुकांतच होतं. दोन चुका तर हमखास होतात. एक म्हणजे सेलमध्ये '५ एचपी' असं लिहितात, मग सूत्र एरर देतं, कारण कॉम्प्युटरला तो आकडा वाटतच नाही, शब्द वाटतो. सेलमध्ये नुसता आकडा आणि एकक वर कॉलमच्या मथळ्यात, ही सवय तिथे लागते ती कायमची. दुसरी चूक कंसाची. भागाकाराच्या खालच्या सगळ्या संख्यांना कंस घातला नाही तर कॉम्प्युटर १.७३२ ने भागतो आणि बाकीच्याने गुणत सुटतो, आणि पाच एचपीच्या मोटरला सहा लाख अँपिअर करंट असं उत्तर देतो. कॉमर्सच्या क्लासमध्ये एखाद्या पोराने असलं उत्तर तसंच वहीत उतरवलं असतं. तुमचा पोरगा नाही उतरवणार. त्याने मोटर हाताळलीय, त्याला माहितीय की सहा लाख अँपिअर हे शक्यच नाही, तो लगेच म्हणेल मॅडम काहीतरी चुकलंय. कॉम्प्युटरने दिलेलं उत्तर खोटं असू शकतं आणि ते मला पकडता येतं, हे कळायला ट्रेडचं ज्ञान लागतं, आणि ते तुमच्या पोरांकडे आहे. म्हणून तर मी म्हणतो की हे शिकवायला कॉम्प्युटरचा माणूस नको, इलेक्ट्रिशियनचा निदेशकच पाहिजे.

पुढे स्टार-डेल्टाचा, म्हणजे मोटर आधी कमी व्होल्टेजवर चालू करणाऱ्या स्टार्टरचा, जॉब आला की तीच फाइल उघडायची, नवीन करायची नाही. शेजारी एक कॉलम वाढवायचा, ओव्हरलोड रिले फेजमध्ये बसवला असेल तर आधीचा आकडा गुणिले ०.५८. म्हणजे जुनी फाइल शोधणं, उघडणं, त्यात भर घालणं, हे सगळं न सांगता होतं. आणि फाइल सापडली नाही तर? सापडणार नाहीच पहिल्यांदा, मोबाईलवर वाढलेल्या पोरांना फोल्डर ही कल्पनाच नसते, त्यांना वाटतं सगळं गॅलरीत नाहीतर व्हॉट्सअॅपवर असतं. त्या दिवशीचा तुमचा धडा तोच. फाइलला नाव काय द्यायचं, कुठे ठेवायची, 'न्यू १', 'न्यू २' असली नावं का नकोत. वेगळा तास घेऊन फोल्डर शिकवले तर कोणी ऐकणार नाही, पण स्वतःची हरवलेली फाइल शोधताना सगळे ऐकतात.

पहिल्या वर्षाच्या तुकडीला घ्यायचं असेल तर एका खोलीच्या वायरिंगचं एस्टिमेट घ्या. स्विच, सॉकेट, वायरचे मीटर, पाइप, बॉक्स, नग, दर, रक्कम आणि खाली बेरीज. दर मात्र गावातल्या दुकानातून खरे आणायला लावा. एखाद्या पोराच्या काकांच्या घराचं काम खरंच निघालेलं असेल तर त्याचंच करा, मग बघा ते पोरगं किती वेळा फाइल दुरुस्त करतं. त्याची पीडीएफ करून ती पाठवायची, फोटो नाही, कारण फोटोत आकडे पुसट दिसतात आणि गिऱ्हाईकाचा विश्वास बसत नाही.

कॉम्प्युटर ७ च आहेत म्हणता, पण २० पोरांना ७ पुरतात हो. तिघांचा एक गट. एकाच्या हातात माउस, दुसरा नेमप्लेट नाहीतर वही वाचून आकडे सांगतो, तिसरा कॅल्क्युलेटरवर उत्तर तपासतो, आणि सात मिनिटांनी जागा बदलायची. यात एक नियम मात्र अगदी कडक ठेवा, ज्याला येतं त्याने माउसला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं. तुम्ही पण लावू नका. हे फार अवघड जातं, पोरगं चुकीच्या ठिकाणी क्लिक करत असतं आणि आपला हात आपोआप पुढे जातो, 'थांब मी दाखवतो' म्हणतो आपण आणि दहा सेकंदांत काम होतं, पण त्याच्या हाताला काहीच कळत नाही. वेल्डिंग शिकवताना आपण होल्डर त्याच्या हातातून काढून स्वतः सगळा बीड मारत नाही ना, मग इथे का?

तुमच्या चार मुलींबद्दल तर खास सांगतो. गटात एक मुलगी आणि दोन मुलगे असले की माउस मुलाकडे आणि वही मुलीकडे, हे कोणी न ठरवताच होतं, तिचं अक्षर चांगलं म्हणे. पहिले काही दिवस मुलींचा गट वेगळा करा, वाटलं तर नंतर मिसळा. आणि एकदा सहज विचारून बघा, किती जणींकडे स्वतःचा फोन आहे आणि आयटीआयच्या फॉर्मवर कोणाचा नंबर आहे. मला बऱ्याचदा उत्तर मिळालं, वडिलांचा, दादाचा. दादा कामाला पुण्याला गेलेला असतो आणि ओटीपी त्याच्या खिशात.

हा नंबरचा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो, एक्सेलपेक्षाही. आपली पोरं सगळे फॉर्म बाहेर भरून घेतात, अॅडमिशनचा, स्कॉलरशिपचा, अॅप्रेंटिसशिपचा. भरणाऱ्याला घाई असते, लाइन असते, तो कधीकधी स्वतःचाच नंबर आणि स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून देतो आणि ती चिठ्ठी हरवते. माझ्या एका विद्यार्थ्याची अॅप्रेंटिसशिपची संधी अशीच गेली. ज्या दुकानात फॉर्म भरला होता त्याच्या ईमेलवर कंपनीचा मेल येऊन पडला होता, तीन आठवडे कोणी बघितला नाही, आणि हा रोज माझ्याकडे येऊन विचारायचा सर काही आलं का. पोरगा हुशार होता, जॉब एक नंबर करायचा. त्यानंतर मी ठरवलं की माझ्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल असणार, त्याने स्वतः काढलेला, पासवर्ड फक्त त्याला माहीत असलेला, आणि त्यावरून त्याने निदान पाच मेल स्वतः पाठवलेले.

हे पण वीस वीस मिनिटांत बसतं. एक दिवस ईमेल काढायचा. दुसऱ्या दिवशी जॉबचा फोटो काढून मला मेल करायचा, विषयाच्या ओळीत नाव आणि हजेरी नंबर, मजकूर दोन ओळी. विषयाची ओळ रिकामी सोडतात सगळे, परत पाठवा, दोनदा परत पाठवलं की सवय लागते. मराठीतच लिहू द्या, बोलून टाइप करायची सोय आहे ती दाखवा, स्पेलिंगच्या भीतीने पोरं मेलच लिहीत नाहीत. मग एक दिवस डिजिलॉकर, दहावीचं मार्कशीट त्याने स्वतः काढायचं. मग एक दिवस फोटो आणि सही ठराविक केबीच्या आत बसवायची, कारण पोर्टलवर फॉर्म तिथेच अडतो आणि तिथेच पोरगं दुकानात पैसे देऊन येतं. आणि शेवटी तुमच्यासमोर बसून, तुम्ही हात न लावता, अॅप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर स्वतःचं रजिस्ट्रेशन. त्या दिवशी नेट चाललं नाही तर दुसऱ्या दिवशी, पण हे बाहेरून करून आणू देऊ नका.

यूपीआयचा एक धडा नक्की घ्या, कारण ही पोरं उद्या वायरमन म्हणून घरोघरी जाणार आणि मजुरी फोनवर घेणार. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. एवढंच. पण नुसतं सांगू नका, दोन पोरांना समोरासमोर बसवून एक रुपया पाठवायला लावा, पिन कोणाला टाकावा लागला ते सगळ्यांना बघू द्या. मग विचारा, कोणी फोन करून म्हणालं 'अॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका', तर काय करशील? आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा हे वर्कशॉपच्या भिंतीवर शॉक ट्रीटमेंटच्या चार्टशेजारी मोठ्या अक्षरात लावा.

परीक्षेत पोरं गप्प होतात म्हणालात, त्याचं कारण बहुतेक अभ्यास नसून माउस आहे. बोटाने स्क्रीन सरकवायची सवय, इथे बाण हलवायचा, बारीक गोलात क्लिक करायचं, पुढचा प्रश्न कुठे, मागचा कुठे, वेळ वर पळतोय. भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर आपल्या ट्रेडच्या प्रश्नपेढ्या आहेत, त्यातले दहा प्रश्न घेऊन आठवड्यातून एकदा दहा मिनिटं कॉम्प्युटरवर सोडवून घ्या, कागदावर नको. परीक्षेच्या आधी महिनाभर केलं तरी फरक दिसतो.

लाइटचं काय, तर एक जुना चालू कॉम्प्युटर लॅबमधून उचलून वर्कशॉपच्या कोपऱ्यात आणा, ग्राइंडरपासून लांब, वर कापड झाका. नेट नको, लिबर ऑफिस फुकट मिळतं ते टाका, एक्सेलचं बहुतेक काम त्यात होतं. लाइट गेला आणि काम गेलं तर ओरडू नका, त्या दिवसानंतर पोरं दर ओळीला सेव्ह करतात, मी कितीही वेळा सांगून जे झालं नव्हतं ते एकदा लाइट जाऊन झालं.

आता तुमचं स्वतःचं. एक्सेल येत नाही हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, मला वाटतं तेच सगळ्यात आधी मनात होतं. ताई, तुम्हाला एक्सेल यायची गरज नाही, तुम्हाला उद्याचा एक धडा यायला पाहिजे. आदल्या दिवशी संध्याकाळी घरी नाहीतर वर्कशॉप सुटल्यावर अर्धा तास बसून तो एकच धडा स्वतः दोनदा करा, कुठे अडलात ते लिहून ठेवा, पोरं नेमकी तिथेच अडतील. रोटर, वाइंडिंग, मेगर टेस्टिंग हे तुम्ही असंच एकेक करून शिकलात ना? आणि वर्गात अडलात तर सरळ म्हणा, मला माहीत नाही, बघूया. तुकडीत एखादा असतोच ज्याला येतं, त्याला तोंडाने सांगू द्या, हात मागे बांधून.

शिकले की नाही ते कसं कळणार, असं प्राचार्य विचारतील. लेखी परीक्षा घेऊ नका. पंधरा दिवसांनी, काही न सांगता, तेच काम थोडं बदलून परत द्या. मोटरची फाइल उघड आणि १० एचपीचा करंट सांग. मदतीशिवाय पाच मिनिटांत जमलं तर आलं, नाही जमलं तर तो धडा परत. पहिल्या वेळी निम्म्यांना जमणार नाही, घाबरू नका, माझ्याकडेही नाही जमलं, दुसऱ्या फेरीत येतं. एका वहीत २० नावं आणि पुढे ज्याला जे जमलं त्याची तारीख, एवढी नोंद ठेवली की पुष्कळ झालं, आणि प्राचार्यांना दाखवायलाही तेच कामाला येईल.

प्राचार्यांना शनिवारचा क्लास बंद करते असं एकदम म्हणू नका, त्यांना वर उत्तर द्यायचं असतं. म्हणा, एक महिना हे दोन तास मी वर्कशॉपमध्ये वीस वीस मिनिटांचे तुकडे करून घेते, महिन्याने तुम्ही येऊन कुठल्याही पोराला कॉम्प्युटरवर बसवा. आणि त्यांना बोलवाच, जी मुलगी सगळ्यात कमी बोलते तिला मोटरचा करंट काढायला बसवा.

सोमवारी कुठला जॉब आहे तुमच्याकडे? डीओएल असेल तर मोटरवाला धडा तयारच आहे. दुसरा काही असेल तर मला कळवा, आणि मुलींच्या गटाचं काय झालं ते तर नक्की कळवा.